भाडेकरू आधी, भित्तिचित्र नंतर: बेळगावच्या गल्ल्यांत कला आणि कारखानदारीची सांगड घालताना

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे ध्यानात आल्यावर त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा रस्ता धरला, व्हीजेटीआय या मुंबईतल्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवलं, आणि १८८८ मध्ये भावासोबत बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. त्यातूनच पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर आले. कारखाना रुजतोय तोवर नव्या वस्तीसाठी नगरपालिकेला जागा हवी झाली आणि कारखाना हलवायचा हुकूम निघाला. औंधच्या राजेसाहेबांनी, जे स्वतः चित्रकार होते, कुंडलजवळचा माळ दिला. १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावाला टिळकवाडी मिळाली आणि किर्लोस्कर रोड हे नाव उरलं.

संगीत नाटकाची वाट घालून देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३. लक्ष्मणरावही तिथलेच, जन्म १८६९. अण्णासाहेबांची नाटक मंडळी १८८० मध्ये पुण्यात उभी राहिली. एका खेड्यातून रंगभूमीही निघाली आणि कारखानाही, आणि दोन्ही बहरली ती बेळगावाबाहेर. नवी वस्ती उभारण्यात वाईट काही नव्हतं. फक्त, जो उठणार तो जाणार कुठं, हा प्रश्न कुणी वेळेत विचारला नाही.

आज वस्ती 'पालटण्याची' भाषा पुन्हा कानावर येते. भिंती रंगवू, जुन्या शेडमध्ये प्रदर्शन भरवू, गल्लीत 'हेरिटेज वॉक' काढू. माझा याला विरोध नाही, पण क्रमाबद्दल हट्ट आहे. आधी राहणाऱ्याची जागा पक्की करायची, मग रंगाचा डबा उघडायचा. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका क्रमावर उभं आहे. मंडळाचे कार्यकर्ते, मागवाले, उद्यमबागेतले छोटे कारखानदार, कलाशाळेतली पोरं, कुणीही ते उचलावं.

जागा: शहर नको, एक गल्ली घ्या

'बेळगावचा कायापालट' असं नाव दिलं की काम हातातून गेलंच म्हणून समजा. एक गल्ली, फार तर दोन. पण गल्ली कुठली, यावर पुढचं सगळं ठरतं, कारण बेळगावात उद्योग एका जातीचा नाही.

वडगाव, खासबाग, शहापूर या पट्ट्यात यंत्रमाग घरातच चालतो. पुढच्या खोलीत माग, मागे स्वयंपाकघर. म्हणजे घर गेलं की रोजगारही गेला. उद्यमबाग आणि मच्छेत ओतशाळा (फाउंड्री), मशीन शॉप, हायड्रॉलिक्सचे कारखाने. तिथं राहणारे थोडे. कामगार आजूबाजूच्या खेड्यांतून दुचाकीवर येतात. तिथं उठवलं जाण्याची भीती कमी. धूळ, टाकाऊ वाळू आणि संध्याकाळी सहानंतरचा ओसाडपणा हे तिथले प्रश्न. गणपत गल्ली, खडे बाजार, मारुती गल्लीच्या बाजूला दुकानं, फेरीवाले आणि माडीवर जुने भाडेकरू. शहराबाहेर बघितलं तर खानापूरची कुंभारकी, निपाणीची तंबाखूची गोदामं, अथणीची चपलांची घरं, गोकाकची लाकडी खेळणी.

पहिलाच प्रयत्न असेल तर मागाची गल्ली घ्या असं मी म्हणेन. तिथं कला, उद्योग आणि राहणं एकाच छपराखाली आहे, त्यामुळे चूक झाली तर लगेच दिसते. उद्यमबागेत भिंती रंगवून सुरुवात करणं सोपं, पण तिथं न्यायाची परीक्षाच होत नाही.

नोंदवही

घरोघरी जाऊन एक वही भरायची. घराचा मालक कोण, भाडेकरू कोण, किती वर्षं राहतो, माग किती, माग स्वतःचा की मजुरीवर, वीज मीटर कुणाच्या नावे, पावसात पाणी कुठवर येतं. आणि या घरात कला कुठली आहे: भजन, झांजपथक, मूर्ती, शिवण, रंगभूषा, चित्ररथाचं काम.

माग चालू असताना बोलणं अशक्य. यंत्रमागाच्या खोलीत आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. माणसं ओठांवरून समजून घेतात. वीज गेल्यावर जा, नाहीतर बीम (ताण्याचा रूळ) संपून सांधणी, म्हणजे नव्या बीमचे धागे जुन्यांना जोडणं, चालू असेल तेव्हा. सांधणीचे हात चालू असतात, पण कान मोकळे असतात. त्याच वेळी उंबऱ्याजवळ कांड्या भरत, म्हणजे धोट्यासाठी सूत गुंडाळत, बसलेल्या बाईशी आवर्जून बोला. कांड्या भरणारी ही बाई सरकारी यादीत सहसा 'विणकर' म्हणून येत नाही. मालकाच्या हिशेबात तिची मजुरी बहुधा घरकामात जिरून जाते. वहीत तिच्या नावाची स्वतंत्र ओळ हवी. पुढे कुणाला किती मिळालं हे मोजताना पहिली नजर या ओळीवर पडली पाहिजे.

भाड्याचा आकडा वेगळ्या कागदावर लिहा. त्याचा फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच टाकायचा नाही. शेजारचा भाडेकरू काय देतो हे मालकांना एकमेकांकडून कळलं की सगळ्यात जास्त भाडं हाच गल्लीचा दर होऊन बसतो.

वहीवर तारीख घाला आणि पाच घरांच्या सह्या घ्या. सहा महिन्यांनी 'मी पण इथलाच' म्हणत येणाऱ्यांना हीच वही दाखवायची असते.

जागेचा कागद

सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच, आणि बहुतेक प्रकल्प हिलाच टांग मारतात. त्यामुळे इथं जरा थांबू.

आपल्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचा करायची सवय आहे. कारण साधं आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. अकरा महिन्यांत ते झंझट टळतं. पण त्यामुळे दर अकरा महिन्यांनी भाडेकरू उघडा पडतो. गल्ली सुंदर झाली, वर्तमानपत्रात फोटो आला, कॅफेवाला जागा बघून गेला की बाराव्या महिन्यात मालक म्हणतो, "पोराला लागतेय खोली."

उपाय असा. दुरुस्तीचा पैसा प्रकल्पाने द्यायचा: छप्पर, गटार, वायरिंग, मागाखालचा चौथरा. बदल्यात मालकाने पाच वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा द्यायचा. त्यात वर्षाला भाडं किती टक्क्यांपर्यंत वाढेल ते लिहायचं. पाच टक्क्यांपासून बोलणी सुरू करा. मधेच जागा रिकामी करून घेतली तर दुरुस्तीचा खर्च परत, हेही लिहायचं. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च भाडेकरूवर टाकू नका; तो प्रकल्पाचा खर्च आहे. मसुदा वकिलाकडून घ्या, पण वकिलाला भेटण्याआधी या सगळ्या गोष्टी स्वतः मराठीत एका पानावर लिहून काढा. नाहीतर वकील नेहमीचा नमुना काढून देतो आणि त्यात मुदत अकरा महिनेच असते.

मालकाशी बोलणी साधारण अशी होतात.

"म्हणजे तुम्ही भिंत रंगवणार, आणि माझं भाडं बांधून ठेवणार, होय?"

"भिंत नंतर, मामा. आधी तुमचं छप्पर. यंदा पावसात किती ठिकाणी गळलं?"

"ते सोडा. ती खोली जुन्या भाड्यात अडकून पडलीय, त्याचं काय?"

मामांचं म्हणणं खोटं नाही. बरेच मालक स्वतःच मागवाले किंवा निवृत्त कामगार असतात. दोन खोल्यांचं भाडं हीच त्यांची पेन्शन. त्यांना खलनायक ठरवून कागद होत नाही. त्यांच्या हाती ठोस काहीतरी पडलं पाहिजे, आणि दुरुस्त झालेलं घर ही ठोस गोष्ट आहे. जुनं भाडं फारच कमी असेल तर कराराच्या सुरुवातीला एकदा ठरवून वाढ द्यायलाही हरकत नसावी. भाडेकरूला अनिश्चितता नको असते. ठरलेल्या वाढीला तो सहसा भीत नाही.

कागदातला प्रत्येक शब्द तपासून का घ्यायचा, ते मुंबईच्या गिरणगावाकडे बघितलं की कळतं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले: एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीत हा वाटा फक्त मोकळ्या, बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता उरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. शहराच्या आणि घरांच्या वाट्याला आलेली जमीन आटली, मॉल आणि टॉवर उभे राहिले. ज्या चाळींनी शाहिरी, कामगार रंगभूमी, भजनी मंडळं पोसली त्या विरत गेल्या. नियम होता, पण त्यातल्या एका व्याख्येने तो पोखरला. आपल्या करारात 'दुरुस्ती', 'भाडेकरूचं कुटुंब' आणि 'मागाची जागा' यांचा अर्थ नीट लिहा. बाप गेला तर पोराला तो पट्टा लागू आहे की नाही, हे तिथंच ठरतं.

आणि सह्या होईपर्यंत ब्रश, ड्रोन, उद्घाटन काहीही नाही. गल्लीचा फोटो एकदा बाहेर गेला की तुमची बोलणी करायची ताकद निम्म्यावर येते.

समिती

नऊ माणसं पुरेत. दोन भाडेकरू, एक मालक, एक मागवाला, कांड्या भरणारी किंवा शिवणकाम करणारी एक बाई, एक फेरीवाला, एक कलाकार, एक कारखानदार, एक मंडळाचा माणूस. अध्यक्ष भाडेकरूंपैकी.

मंडळांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. बेळगावात गल्लीचं मंडळ नसेल तर कुठलंच काम उभं राहत नाही. माणसं गोळा करणं, वर्गणी, पोलीस परवानगी, रात्रभर राबणं हे मंडळालाच जमतं. पण मंडळाचा अध्यक्ष पुष्कळदा घरमालक असतो आणि पुढच्या निवडणुकीतला उमेदवारही. म्हणून मंडळाला एकच जागा द्या आणि राबण्याचं श्रेय मात्र भरभरून द्या. फ्लेक्सवर नाव मोठं, मत एकच.

फेरीवाला समितीत असणं हा शिष्टाचार नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर विक्री समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे लागतात, आणि त्यात एक तृतीयांश बायका. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही. 'सुशोभीकरण' म्हणून कोपऱ्यावरची भाजीवाली हलवायला कुणी आलं तर या कायद्याचा उल्लेख असलेलं पत्र तयार ठेवा.

भाषा. वडगाव-खासबागेत एका ओसरीवर मराठी, शेजारच्या ओसरीवर कन्नड, आणि तिसऱ्या दारात दखनी. बैठकीची सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत काढा. करार ज्याच्या सहीचा आहे त्याच्या भाषेत वाचून दाखवा. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, तेव्हा मराठी अर्ज द्यायला कुणी अडवू शकत नाही. तरी सोबत कन्नड प्रत जोडा, फाइल लवकर हलते. नव्या पाट्या लावणार असाल तर २०२४ च्या दुरुस्तीनंतर फलकाचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये लागतो. पाटी रंगवून झाल्यावर हे कळलं तर पैसे वाया जातात. सीमाप्रश्नाची लढाई जिथं लढायची तिथं जरूर लढावी. मागाच्या गल्लीत ती आणली तर कन्नड बोलणारा विणकर आणि मराठी बोलणारा विणकर दोघंही एकाच महिन्यात बेघर होतील, आणि तिथं नवी इमारत बांधणाऱ्याला कुठलीच भाषा अडचणीची नसते.

काम कुठलं काढायचं

भित्तिचित्र हे सर्वात सोपं उत्तर आहे, म्हणून ते शेवटी ठेवा. आधी गल्लीत काय आहे ते बघा.

बेळगावचा चित्ररथ घ्या. शिवजयंतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावा उभा राहतो. त्यामागची माणसं मोजून बघा. अँगल कापून सांगाडा उभारणारा वेल्डर, बुरूज करणारा सुतार, प्लायवर दगडाचा पोत रंगवणारा पेंटर, अंगरखे शिवणारी मावशी, दाढ्या चिकटवणारा रंगभूषाकार, जनरेटर आणि दिव्यांचा वायरमन, आणि तासन्‌तास तलवार उगारून न हलता उभी राहणारी पोरं. ही अख्खी नाट्यशाळा आहे. मिरवणूक संपली की सांगाडा भंगारात जातो आणि माणसं आपापल्या कामाला. यांना वर्षभर चालणारी एक शेड द्या: वेल्डिंग, सुतारकाम, शिवण, मागे छोटा रंगमंच. सांगाडे बोल्टने जोडायचे असे बनवा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रसंगाला चालतील आणि बाहेरच्या मंडळांना भाड्याने देता येतील. मंडळांचा जो पैसा दरवर्षी फुकट जातो, त्यातूनच या शेडचं भाडं निघू शकतं. मला या सगळ्यात हीच कल्पना सर्वात पक्की वाटते, कारण तिचं गिऱ्हाईक आधीपासून गल्लीत आहे.

दुसरी जोडी ओतशाळेची. ओतकामात आधी लाकडी पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, लागतो. त्यावर वाळू ठोकून साचा होतो, आतल्या पोकळीसाठी कोअर (वाळूचा गाभा) बसतो, मग ओतायचं. पॅटर्नमेकर म्हणजे बारकाव्याचं काम करणारा सुतारच. लोखंड थंड होताना आकसतं, ते आकसणं हिशेबात धरून तो पॅटर्न किंचित मोठा करतो. मूर्तिकार आणि पॅटर्नमेकर एका बाकावर बसवले तर गटाराची झाकणं, झाडाभोवतीच्या जाळ्या, बाकांचे पाय, देवळाच्या ओसरीची जाळी, असं किती तरी बनू शकतं. मागाच्या गल्लीत साडीच्या काठाची नक्षी असलेलं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) झाकण बसलं तर तिथं वेगळा नामफलक लावायला नको.

दोन सावधगिऱ्या. ओतशाळेत पडून असलेले जुने पॅटर्न बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या मालकीचे असतात. कारखानदाराने 'घेऊन जा' म्हटलं तरी लेखी परवानगी घ्या. आणि ओतकाम बघायला पोरांची सहल नेणार असाल तर भट्टीपासून लांब, आखलेल्या रेषेबाहेरच उभं करा. ओतायचं बीड १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. जमिनीवर पाण्याचा थेंब असला तरी ते उडतं.

पालिकेला झाकणं विकायची तर निविदेतून जावं लागतं, १९९९ चा सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचा कर्नाटकाचा कायदा आहे. म्हणून पहिली ऑर्डर देवस्थान, महाविद्यालय, सहकारी बँक अशांकडून घ्या. नमुना रस्त्यावर वर्षभर टिकला, की निविदेच्या अटी तुमच्या बाजूला झुकवणं सोपं जातं.

मूर्तीच्या बाबतीत खानापूर जवळ आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था तिथं आहे, माती आहे, हात आहेत. पीओपीवर निर्बंध आहेत, तेव्हा मातीच्या मूर्तीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. अडतं ते वाळवायला जागा आणि आगाऊ पैसे यांवर. चित्ररथाच्या शेडमधली गर्दी मिरवणुकीनंतर ओसरते. जमलं तर जमवा.

साडीचं थोडं निराळं. डिझाइन शिकलेल्या पोरांनी येऊन काठ बदलून द्यावा, विणकराने विणावा, आणि नाव त्यांचं लागावं, हे चालू द्यायचं नाही. नमुन्याखाली दोन नावं: रेखाटणाऱ्याचं आणि विणणाऱ्याचं. नमुना पुन्हा विकला गेला तर वाटा दोघांना. अथणी-निपाणीच्या चपलांचं उदाहरण समोर आहेच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव वापरायचा हक्क, मिळालं. त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार, आणि त्या चारांत बेळगाव. मानांकन दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे मिळून आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने त्याच धाटणीच्या सँडल दाखवल्या, टीका झाल्यावर मूळ कुठलं ते मान्य केलं. मानांकन होतं म्हणून निदान बोट तरी ठेवता आलं. तुमच्या पट्ट्यातल्या कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवलंय का ते विचारा, नसेल तर फॉर्म भरायला बसा. भिंत रंगवण्यापेक्षा ती संध्याकाळ जास्त कामाची.

आता भिंतच रंगवायची असेल तर रंगवा, पण पेंटरला दिवसाची मजुरी द्या, आणि पोरांकडून 'अनुभव मिळेल' म्हणून फुकट करून घेऊ नका. बैठकीला येणाऱ्या बाईच्या कांड्या बुडतात, त्याची भरपाईही याच खात्यातून.

पैसा

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव होतं. ती योजना आता संपली. तसा घसघशीत सरकारी निधी येईल या भरवशावर बसू नका.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाचा, नियम असा: ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. कला, वारसा आणि पारंपरिक हस्तकला त्या यादीत बसतात. पण पैसा घेणारी संस्था नोंदलेली हवी, आयकर खात्याकडे १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला सवलत) म्हणून ओळखली जाणारी नोंद हवी, आणि सीएसआर-१ फॉर्म भरलेला हवा. नुसतं मंडळ असेल तर चालत नाही. उद्यमबागेतले बहुतेक कारखाने या मर्यादेत येतही नाहीत. त्यांच्याकडे पैसे मागू नका. क्रेन, वेल्डिंगचा दिवस, लेथचा वेळ, उरलेला पत्रा मागा. हे ते मोकळ्या हाताने देतात. सामायिक सुविधा एकत्र येऊन उभी करायची सवयही तिथं आहे, फाउंड्री क्लस्टर हे त्याचंच रूप.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत: कुंभार, चर्मकार, सुतार, मूर्तिकार, शिंपी, खेळणी करणारे वगैरे. अवजारांसाठी १५ हजार रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. विणकर त्या अठरांत नाही, त्यांच्यासाठी वस्त्रोद्योग खात्याची वाट वेगळी. एका रांगेत दोघांना उभं करून सकाळ घालवू नका.

समजा १० लाख जमले. मी ते असे वाटेन: साडेतीन लाख दुरुस्तीला, १ लाख करार-नोंदणी-वकील, अडीच लाख कलाकार आणि कारागिरांची मजुरी, १ लाख शेड, १ लाख पुढच्या दोन वर्षांची देखभाल, ५० हजार बैठका आणि बुडालेली मजुरी, आणि ५० हजार हिशेबनीस. उद्घाटनाला शून्य. नारळ आणि पेढे मंडळ आणतंच.

पाणी आणि आवाज

ऑगस्ट २०१९ च्या पावसात बळ्ळारी नाल्याच्या बाजूची शेतं आणि वस्ती पाण्यात होती, माग भिजले. नोंदवहीतली 'पाणी कुठवर येतं' ही ओळ इथं कामाला येते. चौथरा त्या खुणेच्या वर घ्या, मोटर आणि स्विचबोर्ड भिंतीवर वर चढवा. बीम आणि सुताची पोती ठेवायला छताजवळ फळ्या ठोका. हे काम कुणाच्या फोटोत येत नाही, पण एका पुरात वाचलेला माग हा सगळ्या प्रकल्पाच्या खर्चाचा मोठा भाग वसूल करतो.

आवाजाचा प्रश्न जरा उशिरा डोकं वर काढतो. गल्ली बरी दिसू लागली की नवे लोक राहायला येतात, आणि दोन महिन्यांत मागाच्या खडखडाटाची तक्रार करतात. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. माग त्यात कधीच बसणार नाही. इंग्लंडच्या नियोजन धोरणात २०१८ पासून एक तत्त्व आहे: जुना आवाज असलेल्या ठिकाणी जो नंतर बांधायला येतो, आवाज अडवायची जबाबदारी त्याची. आपल्याकडे असा नियम नसला तरी करारात ओळ घालता येते. नव्या भाडेपट्ट्यात आणि खरेदीखतात लिहून घ्या की शेजारी माग चालतो हे माहीत आहे. बदल्यात मागवाल्यांनीही रात्री दहा ते सहा माग बंद ठेवायचं, मागाखाली रबराचे पॅड घालायचं मान्य करावं. लाउडस्पीकरची रात्री दहाची मर्यादा तुमच्या कार्यक्रमालाही लागू आहे, हे मंडळाला आधीच सांगून ठेवा. नंतर सांगितलं तर भांडण होतं.

बृहत् आराखड्याचा मसुदा नगरविकास प्राधिकरणाकडून जाहीर झाला की तुमच्या गल्लीचा रंग नकाशावर काय आहे ते पहिल्या आठवड्यात बघा. निवासीचा 'व्यापारी' झाला असेल तर भाडी चढणार. मुदतीत हरकत नोंदवा, प्रत्येक घराची वेगळी. शंभर सह्यांचं एक निवेदन ही एकच हरकत मोजली जाण्याचा धोका असतो.

वर्ष झाल्यावर

तीच वही घेऊन त्याच घरांत जा. कोण आहे, कोण गेलं, का गेलं. भाडं किती झालं. माग चालू आहेत की नाहीत. कांड्यांच्या ओळीसमोर मजुरी किती आली. दहातलं एकाहून जास्त घर गेलं असेल तर नवं चित्र, नवा महोत्सव, नवी बातमी सगळं थांबवा आणि गेलेल्यांना शोधून काढा. कुठं गेले, परत येतील का, विचारा. निकाल गल्लीतच वाचून दाखवा, पैसे देणाऱ्या कंपनीच्या सभागृहात नंतर.

मधेच मालकाने घर विकायला काढलं तर घाबरून जाऊ नका. नोंदणीकृत भाडेपट्टा असेल तर घेणारा त्या पट्ट्यासकटच घर घेतो. त्याला मुदत पाळावी लागते. विक्रीची कुणकुण लागली की त्याच आठवड्यात समितीतल्या दोघांनी घेणाऱ्याला भेटावं, पट्ट्याची नोंदलेली प्रत द्यावी आणि पोचवर सही घ्यावी. भाडं त्या महिन्यापासून बँकेतूनच भरा, रोख देऊ नका. प्रत हरवली असेल तर सब-रजिस्ट्रार कचेरीतून प्रमाणित नक्कल मिळते. दस्ताचा क्रमांक आणि वर्ष नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेलं असलं की अर्ज भरायला वेळ लागत नाही.